माल आधी, पैसे मागाहून

जानेवारी उजाडला की तासगाव, मिरज, पलूस, खानापूर या पट्ट्यातल्या द्राक्षबागांतून व्यापारी फिरू लागतात. घडातला मणी तोडून चव बघायची, गोडी मोजायची, चार किलोच्या पेटीला दर ठरवायचा, हातावर विसार ठेवायचा आणि तोड सुरू करायची. पहिल्या तोडीचे पैसे जागेवर रोख मिळतात. दुसऱ्या तोडीचे दोन दिवसांनी, पण पूर्ण. तिसऱ्या वेळी व्यापारी म्हणतो, "दादा, गाडी दिल्लीला पोचलीय, पैसे पडले की लगीच सोडतो." चौथ्या तोडीत बागेतला उरलेला निम्मा माल भरून जातो, आणि त्यानंतर फोन बंद लागतो. तालुक्याला भाड्याने घेतलेल्या खोलीला कुलूप असते. घरमालकाला त्याचे खरे गावही माहीत नसते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते: द्राक्ष बागायतदाराला अमुक लाखांचा गंडा. त्याच पानावर शेअर बाजाराच्या नावाने गोळा केलेल्या ठेवींचा गंडा असतो, ऊसतोड मुकादमाने आगाऊ घेतलेली उचल बुडवल्याचा गंडा असतो, आणि एखाद्या निवृत्त शिक्षकाला मोबाइलवरून घातलेला गंडाही असतो. बातमीला एक शब्द पुरतो, पोलीस ठाण्याला पुरत नाही. तिथे बागायतदाराला पहिला प्रश्न येतो की यात चीटिंग कुठे आहे? त्याने पहिले पैसे दिले होते ना? मग ही उधारी आहे, दिवाणीत जा. ज्याचा वर्षाचा माल गेला, त्याला हे ऐकून दुसऱ्यांदा लुटल्यासारखे वाटते. सातारा-सांगलीतल्या फसवणुकीचा आढावा घ्यायचा तर सुरुवात याच ठिकाणाहून करावी लागते.

आपल्याकडे चीटिंगची व्याख्या आली ती भारतीय दंड संहितेतून. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली तिचा मसुदा केला, १८६० साली ती मंजूर झाली आणि ३० जून २०२४ पर्यंत लागू राहिली. कलम ४१५ मध्ये व्याख्या आणि ४२० मध्ये सात वर्षांपर्यंतची शिक्षा. या दुसऱ्या आकड्याने बोलीत कायमचे घर केले. आता भारतीय न्याय संहितेत हे सगळे कलम ३१८ मध्ये आहे, पण गाभा तोच. व्याख्येखालच्या उदाहरणांतले एक उदाहरण शेतमालाचेच आहे. नीळ देतो असे सांगून एकाने दुसऱ्याकडून आगाऊ पैसे घेतले. पैसे घेताना नीळ देण्याचा त्याचा इरादाच नसेल, तर ती फसवणूक. घेताना इरादा होता, पण पुढे शब्द मोडला, तर तो करारभंग. त्याच्यावर दिवाणी दावा चालेल, फौजदारी गुन्हा नाही. निळीची शेती गेली, तरी हे उदाहरण नव्या संहितेतही कायम आहे. सर्वोच्च न्यायालयानेही अनेक निकालांत हेच सांगितले आहे: बेइमानी व्यवहाराच्या आरंभी असली पाहिजे, नंतर पैसे न देणे एवढ्यावरून गुन्हा ठरत नाही.

नियम म्हणून हे योग्यच आहे. तसे नसते तर दर पडल्यामुळे खरोखर बुडालेला प्रत्येक छोटा व्यापारी तुरुंगात गेला असता, आणि कर्ज थकलेला शेतकरीही. पण नियमाचे ओझे कुणाच्या डोक्यावर पडते ते बघायला हवे. समोरच्याच्या मनात पहिल्या दिवशी काय होते, हे फसलेल्याने दाखवायचे. व्यापाऱ्याने पहिल्या दोन तोडींचे पैसे वेळेवर दिले ते विश्वास बसावा म्हणून. तेच पैसे नंतर त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा बनतात. सराईत माणसाला हे पक्के ठाऊक असते. विसार आणि पहिला हप्ता हा त्याच्या धंद्याचा खर्च असतो.

यावर उपाय नाही असे नाही. एकट्याची तक्रार उधारी वाटते. तीस जणांच्या तक्रारी एकत्र ठेवल्या की त्यांतून पद्धत दिसते. तोच माणूस, तोच हंगाम, तेच बोलणे, खोटा पत्ता, आणि माल विकून आलेले पैसे खात्यातून लगेच दुसरीकडे वळवलेले. मग आरंभीचा इरादा सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही. नाशिक परिक्षेत्राचे पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी २०२० मध्ये तिथल्या द्राक्ष उत्पादकांच्या तक्रारी अशाच एकत्र घेतल्या, गुन्हे नोंदवले, आणि बरेच व्यापारी पैसे परत करू लागले. कायदा तोच होता, बदलली ती तक्रार ऐकून घेण्याची तऱ्हा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली सांगितले. मात्र व्यापारी व्यवहारांत आधी प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली. ही मुभा चौकशीसाठी आहे, तक्रारदाराला दारातून परत पाठवण्यासाठी नाही, एवढे आमच्या भागात ठासून सांगायची गरज आहे.

द्राक्षाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. शेतकऱ्याला कुठेही विकायची मोकळीक मिळाली, हे चांगलेच झाले. पण बांधावर येऊन खरेदी करणाऱ्याला परवाना नको, तारण नको, समितीकडे नोंद नको, हेही त्याच दिवशी ठरले. केंद्राच्या २०२० च्या कृषी कायद्यात पॅन कार्ड असलेला कुणीही खरेदी करू शकेल आणि पैसे त्याच दिवशी किंवा फार तर तीन कामाच्या दिवसांत द्यावेत, अशी तरतूद होती. पॅन कार्ड हीच काय ती ओळख. तो कायदा पुढच्या वर्षी रद्द झाला, आणि बांधावरचा सौदा जिथल्या तिथे राहिला.

याच पिकाच्या बेदाण्याचा बाजार बघा. तासगाव आणि सांगलीच्या बाजारात बेदाणा सौद्याने विकला जातो, अडत्या मध्ये असतो, व्यापारी ओळखीचे असतात. उधारी तिथेही आहे, आठवड्यांची नव्हे तर महिन्यांची. पण दिवाळीच्या सुमाराला सौदे काही काळ बंद ठेवून सगळी देणी-घेणी मिटवायची पद्धत या बाजाराने स्वतःच पाडली आहे. त्याला तिथे झिरो पेमेंट म्हणतात. ज्याचे खाते शून्यावर आले नाही त्याला पुढच्या सौद्यात उभे राहणे अवघड होते. हा कुठल्या संहितेचा नियम नाही, बाजाराची रीत आहे. सगळे एकाच गावात, एकमेकांच्या डोळ्यांसमोर धंदा करतात म्हणून ती चालते. हा बाजार निर्मळ आहे असे मात्र कुणी समजू नये. सौद्याच्या वेळी पेटी फोडून मूठमूठ बेदाणा पसरायचा, हाताळायचा, पायाखाली जाऊ द्यायचा, आणि त्या उधळणीची तूट शेतकऱ्याच्या वजनातून कापायची, ही इथली जुनी तक्रार. एका पेटीमागे ती किरकोळ वाटते. बेदाण्याचा किलोचा भाव धरून हिशेब केला की ती किरकोळ राहत नाही.

उसाकडे वळलो की फसवणुकीचे रूप बदलते. इथे गिऱ्हाईक पळून जात नाही. कारखाना जागेवरच असतो, धुराडे पाच मैलांवरून दिसते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज. ते थकले तर साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढू शकतात. संशय असतो तो काट्यावर. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, वजन होते, माल गव्हाणीत पडतो, रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर, आणि फरकाची पावती. या साखळीत शेतकरी बहुतेक वेळा हजरच नसतो. ट्रॅक्टरवाला रात्री दोनला काट्यावर असतो, ऊसवाला घरी झोपलेला असतो, वजन त्याला पावतीवर कळते.

वीस टनांच्या खेपेत एक टक्का म्हणजे दोनशे किलो. टनाला तीन हजार रुपये धरले तर सहाशे रुपये. तेवढ्यासाठी कोण भांडेल? रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात तोच एक टक्का दिवसाला पन्नास टन होतो. काटामारीचा आरोप इतका टिकून राहतो तो यामुळे: ज्याचे नुकसान होते त्याला ते जाणवत नाही, आणि ज्याचा फायदा होतो त्याला तो मोठा असतो. सगळे काटे खोटे आहेत असे मी म्हणत नाही. तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडला तर वजन खरेच घटते, आणि बाहेरच्या काट्याशी ताळा करताना वाहनातले डिझेल, बसलेली माणसे, पाचट हेही धरावे लागते. पण मोजणारा आणि घेणारा एकच असेल तर शंका येणारच, आणि ती दूर करण्याची जबाबदारी मोजणाऱ्याची. २००९ च्या वैधमापन कायद्याने काट्यांची पडताळणी सक्तीची आहे, हंगामात भरारी पथकेही नेमली जातात. स्वाभिमानी शेतकरी संघटनेने २०२२ च्या हंगामात सगळे काटे डिजिटल आणि ऑनलाइन करा अशी मागणी लावून धरली, ती याच मुळाशी जाणारी होती. वर्षातून एकदा येणाऱ्या पथकापेक्षा प्रत्येक खेपेचे वजन त्याच क्षणी शेतकऱ्याच्या मोबाइलवर आणि सरकारी संगणकावर उमटणे कितीतरी भरवशाचे.

दुधाचेही असेच. डेअरीवर बरणी नेली की फॅट किती लागली हे यंत्र सांगते, आणि यंत्र संकलन केंद्राच्या मालकीचे. त्यावर जास्त लिहीत नाही. काट्याचा मुद्दा तिथे जसाच्या तसा लागू आहे.

ऊसतोडीच्या उचलीत मात्र दोन्हीकडे माणसे पिचलेली आहेत. सांगली-साताऱ्यातला वाहतूकदार बहुधा स्वतःच लहान शेतकरी असतो. कर्जाने ट्रॅक्टर घेतलेला. हंगामाआधी तो बीड, जत किंवा विजापूरकडच्या मुकादमाशी नोटरीपुढे करार करतो, कोयत्यामागे, म्हणजे तोडणाऱ्या जोडीमागे, ठरलेली उचल देतो, कारखान्याकडून घेतलेला ऍडव्हान्सही त्यात ओततो. ऑक्टोबर उलटतो आणि टोळी येत नाही. मुकादमाने तीच टोळी दाखवून आणखी दोघांकडून उचल घेतलेली असते. अशा वेळी आरंभीची बेइमानी अगदी स्पष्ट असते: एक टोळी एकाच हंगामात तीन ठिकाणी तोडायला जाऊ शकत नाही. तरी कैक तक्रारी वर्षानुवर्षे पडून राहतात, कारण आरोपी दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा दुसऱ्या राज्यातला. मग काही जण स्वतःच निघतात, मुकादमाला उचलून आणतात, डांबून ठेवतात आणि स्वतः आरोपी होऊन बसतात. दुसऱ्या बाजूला मजुराने उचल घेतली ती घरातले आजारपण आणि लग्न भागवायला, आणि फिटेपर्यंत तो बांधलेला. मुकादमाने त्याच्या नावावर किती घेतले आणि त्याला किती दिले, हे त्यालाही कळत नाही. म्हणून उचल थेट मजुराच्या बँक खात्यात आणि प्रत्येक कोयत्याची एकाच ठिकाणी नोंद, ही मागणी वाहतूकदार आणि मजूर दोघांच्याही हिताची आहे. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारी चर्चा मला पटत नाही.

आता मोठ्या परताव्याच्या योजना. इस्लामपुरातून चाललेली कडकनाथ कोंबडीची योजना २०१९ साली कोसळली. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची काळ्या मांसाची कोंबडी; तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते आणि तिची हवा होती. शेतकऱ्याने पैसे भरायचे, कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषध देणार, आणि अंडी बाजारापेक्षा कितीतरी चढ्या भावाने परत घेणार, असा करार. काही महिने अंडी उचलली गेली, पैसेही आले. मग खाद्य थांबले, अंडी उचलणे थांबले, शेडमध्ये पक्षी मरू लागले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या महाजनादेश यात्रेच्या ताफ्यापुढे आंदोलकांनी कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली, तेव्हा हा विषय राज्यभर पोचला.

दोष कुणाचा हे न्यायालय ठरवील. योजनेचे गणित मात्र कागदावर मांडता येते. त्या भावाने ते अंडे खाणारा गिऱ्हाईक बाजारात नव्हता. अंड्यातून पिल्लू काढून ते पुढच्या सभासदाला द्यायचे, हाच त्याचा उपयोग. म्हणजे आजच्या शेतकऱ्याचे पैसे उद्याच्या शेतकऱ्याच्या भरण्यातून येणार. सभासद वाढायचे थांबले की सगळे थांबणार. १९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झीने टपालाच्या कूपनांवर ४५ दिवसांत पन्नास टक्के नफ्याचे आश्वासन देऊन हेच केले होते. आपल्याकडे नव्वदच्या दशकात सागवानाच्या लागवडीवर पैसे गोळा झाले, आणि त्या अनुभवातून सेबीने १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले. पुढे जमिनीच्या नावावर पर्ल्स या कंपनीने उभारलेली रक्कम जवळजवळ ४९ हजार कोटींची निघाली. ती परत करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्यायमूर्ती लोढा यांची समिती नेमली. तमिळनाडूत २०१२ साली इमूपालनाच्या योजना कोसळल्या. कधी झाड, कधी पक्षी, कधी शेअर बाजार. वस्तू बदलते, गणित तेच राहते.

या गुन्ह्यांसाठी महाराष्ट्राकडे १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. आरोपीची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटता येते, हे त्याचे बळ. ठेवीची व्याख्याही मोठी आहे. परतावा रोख नसून वस्तू किंवा सेवेच्या रूपात असला तरी तो ठेवीत मोडू शकतो. केंद्राने २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदाही केला. पण जप्ती, लिलाव, वाटप या तिन्ही टप्प्यांना वर्षे लागतात. बँक बुडते तेव्हा निदान विम्याचे पाच लाखांपर्यंत मिळतात. डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तेव्हा बहुतेक ठेवीदारांना हाच आधार होता. कोंबडीच्या योजनेला विमा नसतो.

अशा प्रत्येक प्रकरणानंतर गावात एक वाक्य ऐकू येते: लोभाला बळी पडला. मला हे वाक्य अन्यायाचे वाटते. दुष्काळी आटपाडीतला किंवा माण-खटावमधला तरुण दीड लाख गुंतवून महिन्याला नक्की काही मिळावे असे म्हणतो, तेव्हा तो नोकरी शोधत असतो. त्याला योजना सांगणारा अनोळखी भामटा नसतो. मावसभाऊ असतो, शाळेतले सर असतात, पतसंस्थेतला ओळखीचा माणूस असतो, आणि त्याने स्वतःही पैसे घातलेले असतात. या जिल्ह्यांतले सगळे व्यवहार ओळखीवर चालतात, सहकार त्यावरच उभा राहिला. फसवणारा लोभापेक्षा त्या ओळखीचा वापर जास्त करतो. आणि लोभी ठरवले की माणूस तक्रारीला पुढे येत नाही, घरातही सांगत नाही. सायबर गुन्ह्यांत तर हे थेट नुकसानीचे ठरते: १९३० या क्रमांकावर पहिल्या काही तासांत फोन गेला तर पैसे वाटेत गोठवता येतात, लाजेने दोन दिवस गप्प बसले की ते दहा खात्यांतून निघून जातात.

दीडशे वर्षांपूर्वीही हाच आरोप उलट्या बाजूने होत असे: कुणबी उधळ्या आहे, म्हणून कर्जात बुडतो. मूळ खटाव तालुक्यातल्या कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यावर उत्तर दिले. निरक्षर माणसाचा अंगठा कोणत्या कागदावर उमटतो आणि त्या कागदात काय लिहिलेले असते, हे त्यांनी उघडे करून दाखवले. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली; तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या, आज सांगलीत असलेल्या कोकरूडलाही त्याचे लोण पोचले. त्यानंतर १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा आला, तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी. आजचे वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

त्या कायद्यातल्या दोन गोष्टी आज पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, न्यायालयाने खतपत्रावरचा आकडा अंतिम मानायचा नाही. व्यवहाराचा इतिहास आरंभापासून तपासायचा, मुद्दल किती, व्याज किती, खरेच हातात काय पडले ते शोधायचे. दुसरी म्हणजे, शेतकऱ्याने करून दिलेले खत गावच्या निबंधकापुढे, त्याला वाचून दाखवून करायचे. या कायद्यातही पळवाटा निघाल्या, सावकारांनी कर्जाऐवजी खरेदीखते करून घ्यायला सुरुवात केली. पुढे १९४३ ते ४६ या काळात, स्वातंत्र्यलढ्यात साताऱ्यात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांपुढे आलेल्या तंट्यांत अशा जमिनींचेही तंटे होते. तरीही त्या कायद्याने तपासाचे ओझे फसलेल्याच्या डोक्यावरून काही अंशी उचलून न्यायालयाकडे दिले होते.

बांधावरच्या द्राक्ष सौद्याला आज नेमके तेच हवे आहे. खरेदीदाराची तालुक्याला नोंद, त्याच्या उलाढालीच्या प्रमाणात बाजार समितीकडे बँक हमी, आणि प्रत्येक तोडीची दोघांच्या सहीची पावती. हे होईपर्यंत शेतकऱ्याच्या हातात आहे तो धनादेश. तोड सुरू होण्याआधी तारीख घातलेला धनादेश घ्यावा. तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरावा. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस पोचल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खालच्या या खटल्यात व्यापाऱ्याच्या मनात पहिल्या दिवशी काय होते हे शेतकऱ्याला सिद्ध करावे लागत नाही.